दौलतचे सोमवार

आनंदचं ताट झाकून ठेवलं आहे. कॉलेजात प्रॅक्टिकल असलं की त्याला यायला उशीर होतो, आणि आल्यावर म्हणतो, "बाहेर खाल्लं." काय खाल्लं म्हणून विचारावं तर चहा आणि पाव. वाढत्या वयाच्या मुलाचं पोट चहा-पावावर कसं भरतं, ते मला कळत नाही. मी उगाच काळजी करते असं घरात सगळ्यांचं मत आहे. करते खरी, पण उगाच नाही. ही काळजी मला दौलतनं लावली, आणि श्रावणातल्या गेल्या सोमवारी कल्याणला जाऊन आल्यापासून तर मला तिचा अभिमानच वाटायला लागला आहे. आनंद येईपर्यंत दौलतची हकीकत लिहून काढते.

तेव्हा आम्ही ठाण्याला राहत होतो. हे तिथल्या शाळेत मास्तर होते. स्वातंत्र्य मिळालं होतं, पण धान्य अजून रेशनवरच मिळत होतं. लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली जाडी ज्वारी, आणि खड्यांनी भरलेले तांदूळ. दौलत जुन्नरकडच्या मारुती हांडे नावाच्या शेतकऱ्याचा थोरला मुलगा. मॅट्रिकला तालुक्यात पहिला आला म्हणून मुंबईच्या कॉलेजात फी माफ झाली. निघताना वडील एवढंच म्हणाले होते, "जमतंय तोवर शीक. एकदा जरी नापास झालास तर मुकाट्यानं घरी ये. नांगर कुठं गेला नाही."

राहायची सोय कोपरीत झाली. राघो पाटलांची तिथे शेती आणि मिठागर होतं. त्यांनी घरावरचा माळा त्याला दिला आणि बदल्यात आपल्या मुलांचा अभ्यास घ्यायला सांगितलं. जेवणाचं काम यांनी अंगावर घेतलं. आमच्या लोकांत गरीब विद्यार्थ्याला वार लावून जेवू घालायची जुनी चाल आहे. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या, असा आठवडा सात घरांत वाटून द्यायचा. दौलत मराठ्याचा, म्हणून काहींनी नाकं मुरडली. "भूक कोणत्या जातीची असते ते सांगा, म्हणजे त्या जातीचं घर शोधतो," असं यांनी विचारल्यावर नाकं सरळ झाली. तरी पहिले काही महिने दोन-तीन घरांत त्याचं पान ओसरीवरच मांडत, हेही खरं आहे.

वार वाटताना बायकांनी एक हिशेब केला, आणि तो अगदी चांगल्या मनानं केला. ज्या घरी ज्या वारी उपास, त्या घरानं तोच वार घेतला. त्या दिवशी घरातलं धान्य वाचतं, त्यातून एका मुलाचं सहज निघतं. म्हणून सोमवार गेला आमच्या ओळखीच्या विमलाबाईंकडे. त्यांच्या घरी सगळ्यांचाच सोमवार कडक, रात्रीसुद्धा सोडत नसत. गुरुवार एका दत्तभक्त कारकुनाच्या घरी गेला आणि शनिवार मारुतीच्या देवळामागच्या पोंक्ष्यांकडे. बुधवार आमचा. रविवार राघो पाटलांनी आपणहून मागून घेतला.

बुधवारी दौलत यायचा, हातपाय धुऊन पाटावर बसायचा आणि मान खाली घालून जेवायचा. चार भाकऱ्या, वर भात. ताट असं स्वच्छ करायचा की घासायला लाज वाटावी. मला बरं वाटायचं. मुलाचं जेवण चांगलं आहे, असं मी सगळीकडे सांगत असे.

दुसऱ्या वर्षाला असताना त्याच्या ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडलेल्या दिसल्या. तिखट लागलं की डोळे मिटून घास गिळायचा. मग एकदा संध्याकाळी आमच्या पायरीवर अडखळला. पुढच्या बुधवारी पुन्हा. तिसऱ्यांदा मी पाहिलं, तो भिंतीला हात लावून, चाचपत वर येत होता.

"दौलत, दिसत नाही का रे तुला?"

"दिसतं की, काकू. जरा अंधार आहे."

अंधार नव्हता. दिवे लावायची वेळसुद्धा झाली नव्हती. यांनी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पापणी खाली ओढून पाहिली, म्हणाले, रक्त फार कमी आहे, याला नीट खायला घाला. असंच चाललं तर पुढे छाती धरेल. छाती धरेल म्हणजे क्षय, हे त्या काळात कुणाला सांगावं लागत नसे. मी यांच्यावरच चिडले. सात घरचं जेवतो आहे मुलगा, आणखी किती घालायचं?

तेवढ्यात कॉलेजातही विपरीत झालंच. रसायनाच्या प्रयोगात ती काचेची उभी नळी असते, ब्युरेट म्हणतात तिला, ती त्याच्या हातातून निसटून फुटली. त्याआधीही हात थरथरत होताच. प्राध्यापकांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, वार्षिक परीक्षेपर्यंत हात स्थिर झाला नाही तर बसू नकोस, प्रयोगात नापास होशील. आणि नापास म्हणजे नांगर, हे त्याला आणि आम्हाला ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात एका दुपारी आवडाबाई आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. राघो पाटलांची बायको. मी त्यांना तोवर लांबूनच पाहिलं होतं. गुडघ्यापर्यंत कसून नेसलेलं लाल लुगडं, दंडात चांदीचे वेळे, आणि हातात एक पिशवी.

"मास्तरीणबाय, पिशवीन सुकट हाय. आत आणीत नाय, हितंच उंबऱ्याभायेर ठेवते," त्या म्हणाल्या आणि ओसरीवर मांडी घालून बसल्या. मी पाणी दिलं. पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "आता भांडाला सुरवात करते. तुमचे घरान त्या पोराला जेवाला घालतान का नाय?"

मला राग आला. "म्हणजे काय, आवडाबाई? दर बुधवारी पोटभर जेवतो तो इथे. चार भाकऱ्या खातो."

"चार? आमचे घरान आयतवारी मोजाचं सोरून दिलंय. भात वाढून वाढून माजा हात दुखतंय. कोलंबी खातं, बोंबील खातं, कालवन पितं. ज्याला रोज मिलतं ना बाय, त्यो असा नाय जेवत."

"अहो, पण इतर दिवशीही जेवतोच की. सोमवारी विमलाबाईंकडे..."

"सोमवारी रातीन मी इचारलं, काय जेवलास? म्हनला, उपास."

"हो, सोमवार करतो तो. विमलाबाई सारख्या कौतुक करतात. सोळा सोमवार धरले होते, सोळा कधीच होऊन गेले, तरी सोडत नाही म्हणतात."

"बेस्तरवारी इचारलं. उपास."

कारकुनांच्या बायकोनं हळदीकुंकवाला मला हेच सांगितलं होतं. मुलगा मराठ्याचा, पण गुरुवार किती निष्ठेनं करतो!

"शनवारी?" आवडाबाईंनी विचारलं आणि माझ्या तोंडाकडे पाहून स्वतःच उत्तर दिलं, "तवाबी उपास. मदी तुमची ती चतुर्थी, एकादशी. आन् आयतवारी माजे घरची सगली कोलंबी हानतं! यो कनचा भगत झायला गं बाय?"

त्या हसायला लागल्या. मीही हसले असते, पण माझ्या डोळ्यांपुढे भिंत चाचपत येणारा दौलत उभा राहिला. आठवड्यातले तीन दिवस त्या मुलाच्या पोटात रताळं, शेंगदाणे आणि वरीचा घासभर भात याशिवाय काही जात नव्हतं. आणि प्रत्येक घराला वाटत होतं, आपल्याकडे नाही जेवला तरी बाकी सहा घरी जेवतोच आहे.

बुधवारी त्याचं जेवण होऊ दिलं आणि मग विचारलं. आधी तो रिकाम्या ताटात बोट फिरवत बसला. नंतर बोलला.

"पहिल्या सोमवारी मी गेलो तेव्हा त्यांची चूल सारवून झाली होती, काकू. वर रांगोळीसुद्धा काढली होती. मला बघून त्या उठल्या, म्हणाल्या, थांब, तुझ्यापुरती पेटवते. आणि मग सहज विचारलं, की तुझाही सोमवार असतो का? मी हो म्हणालो. एका माणसासाठी सारवलेली चूल कशी मोडायची?"

"अरे, पण एकदा म्हणालास. पुढच्या सोमवारी खरं सांगायचंस."

"पुढच्या सोमवारी त्यांनी माझ्यासाठी आधीच रताळी उकडून ठेवली होती." तो जरासा हसला. "त्यांना इतका आनंद झाला होता, काकू. धरलेला सोमवार मी कुठल्या तोंडानं मोडणार होतो? मग गुरुवारी त्या काकूंनी विचारलं, सोमवार करतोस तसा गुरुवारही करतोस का रे?"

आमच्यात व्रत धरणं सोपं असतं. सोडायला मात्र रीत लागते. हे त्या मुलाला बरोबर कळलं होतं, आणि त्यातच तो अडकला होता.

मी आणि आवडाबाईंनी एक युक्ती काढली होती. व्रत पुरं झालं की त्याचं उद्यापन करतात. देवाची पूजा, प्रसाद, जेवण, आणि व्रत सुटलं. विमलाबाईंना सांगायचं की दौलतचा संकल्प पुरा झाला आहे, आता उद्यापन करून घ्या. कुणाला काही कळायला नको, आणि कुणाचं मनही दुखवायला नको.

दौलत म्हणाला, "नको."

"का रे?"

"एक खोटं बोललो, त्यानं माझी ही दशा झाली. आता देवासमोर बसून दुसरं कुठे बोलू? मी विमलाकाकूंना खरंच काय ते सांगतो."

"आणि त्यांनी वार बंद केला तर? त्यांनी केला की बाकीचीही करतील. परीक्षा तोंडावर आली आहे."

"सगळी नाही करणार. एक वार गेला तरी सहा दिवस जेवीन. आत्ता चारच जेवतो आहे."

हिशेब बरोबर होता. पण त्याला एकट्याला पाठवायचा धीर होईना. सोमवारी मी त्याच्याबरोबर गेले. वाटेत मी सारखी बडबडत होते.

विमलाबाई जप करत होत्या. माळ खाली ठेवून त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. दौलत बसला नाही. उभ्यानंच, एकही शब्द मऊ न करता त्यानं सगळं सांगितलं. माझा सोमवार कधीच नव्हता, मी खोटं बोललो, तुम्ही मला भाविक समजून रताळी उकडलीत ती मी भुकेनं खाल्ली, भक्तीनं नाही. मला क्षमा करा.

विमलाबाईंचा चेहरा उतरला. मग बोलल्या ते माझ्याशी. "चूल पेटवणं मला जड झालं असतं असं वाटलं याला. माझ्या घरी उपाशी बसला, दोन वर्षं, आणि मी बाहेर याच्या भक्तीचं कौतुक सांगत फिरले."

"काकू, तुमचा काही दोष..."

"तू थांब रे." त्या उठल्या. त्याच्यासमोर आल्या आणि त्याच्या ओठांच्या चिरांकडे पाहिलं. आवाज बदलला. "खोटा सोमवार म्हणालास ना? दिवसभर पोटात अन्न होतं?"

"नाही."

"पोट खरंच रिकामं होतं?"

"हो."

"मग उपास खोटा कसा रे, मेल्या? महादेवाच्या दारी तो पुरा जमा झालेला आहे. इतके सोमवार करून उद्यापनाशिवाय सोडशील, तर मला पाप लागेल. पुढच्या सोमवारी माझ्या घरी उद्यापन. आणि आत्ता बस. चूल पेटवते."

"आज तुमचा..."

"माझा आहे. तुझा नाही. बस म्हटलं ना!"

त्या दिवशी सारवलेली चूल मोडून त्यांनी पिठलं-भात केला. मी तिथेच बसून राहिले. दौलत जेवत असताना त्या समोर बसून वाढत होत्या.

उद्यापनाला चुरमा लागतो, म्हणजे गहू, तूप, गूळ. गहू रेशनचे, कुणाकडेच पुरेसे नव्हते. सातही घरांनी आपापल्या डब्यातले काढून दिले. आवडाबाईंनी गूळ पाठवला. उद्यापनाला मेहुणं, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, जेवायला बोलवतात. आदल्या दिवशी विमलाबाई मला म्हणाल्या, "एक मेहूण कमी पडतं आहे. कोपरीच्या पाटलांना आणि आवडाबाईंना आमंत्रण करायला चल माझ्याबरोबर."

मला वाटतं ठाण्यात आमच्या लोकांत असं कुणी तोवर केलं नसावं. आवडाबाई तर दारातच म्हणाल्या, "मी काय जेवाला येनार तुमचे घरान? माजे हाताला मासलीचा वास."

"मग साबणानं धुऊन या," विमलाबाई म्हणाल्या आणि कुंकू लावून परत फिरल्या.

त्या दिवशी दौलतचं पान ओसरीवर नव्हतं. आत, देवासमोर, पहिल्या पाटावर होतं, आणि त्याच्या शेजारी राघो पाटील बसले होते. चुरम्याचा पहिला घास घेण्याआधी दौलत देवाकडे बघत राहिला. आवडाबाईंना राहवलं नाही, त्यांनी म्हटलंच, "जेव रं जेव. देव म्हनतंय, आता तरी जेव, मना लाज आनली तू!"

गुरुवार आणि शनिवार त्यानं असेच स्वतः जाऊन सांगून सोडवले. एकाही घरानं वार बंद केला नाही. पोंक्ष्यांची आजी फक्त एवढंच म्हणाली, की मग शनिवारी आम्हा सगळ्यांनाच गरम भाकरी मिळेल, मीही कंटाळले होते. आवडाबाई आता त्याला रोज रात्री भाकरीबरोबर सुकट खायला लावत. डॉक्टरांनी माशाचं तेल दिलं होतं, ते तो नाक दाबून प्यायचा. फाल्गुन संपता संपता त्याच्या ओठांच्या चिरा भरल्या. एका संध्याकाळी तो आमच्या पायऱ्या भिंतीला हात न लावता चढून आला, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आले.

परीक्षेच्या प्रयोगाच्या दिवशी परत आला तो थेट आमच्या दाराशी. "काकू, ब्युरेट फुटली नाही." एवढंच म्हणाला. निकाल लागला तेव्हा पहिल्या वर्गात होता. वडिलांना कळवायला तो स्वतः जुन्नरला गेला. परत आला तेव्हा सांगितलं, वडील म्हणाले, नांगराला दुसरा माणूस बघतो.

पुढे त्यानं एम.एस्सी. केलं. आता मुंबईत रसायन शिकवतो. आम्ही डोंबिवलीला आलो आणि तो कल्याणला राहायला गेला. आंबिवलीपासून थेट कसाऱ्यापर्यंतच्या खेड्यांतली मुलं आता कॉलेजात जायला लागली आहेत. त्यांच्यासाठी काही लोकांनी मिळून कल्याणात एक छोटं वसतिगृह चालवलं आहे, आणि त्याची देखरेख दौलतकडे आहे. पगार नाही, राहायला खोली फक्त. लग्न कधी करणार विचारलं की म्हणतो, आधी या मुलांचं वजन वाढू दे.

गेल्या सोमवारी त्यानं आम्हा तिघींना जेवायला बोलावलं होतं. विमलाबाईंचा सोमवार, तरी त्या आल्या. आवडाबाई आता थकल्या आहेत, पण कुणाचा हात न धरता आल्या. संध्याकाळची पंगत. भात, आमटी, नाचणीची भाकरी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, ज्यांना चालतं त्यांना अंडं, आणि प्रत्येकाच्या पानात मूठभर भाजलेले दाणे. दौलत मुलांच्याच ओळीत बसला होता. सगळ्यांच्या पानात पडल्याशिवाय तो जेवायला सुरुवात करत नाही, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असावं, कारण मुलं एकमेकांच्या पानात डोकावून बघत होती.

टोकाला एक नवा मुलगा होता. कान मोठे, सदरा आणखी मोठा. वाढणारा पुढे आला तसा त्यानं पानावर हात आडवा धरला. "मला नको. माझा सोमवार आहे."

वाढणारा मुलगा थबकला. दौलत आपल्या जागेवरून उठला आणि त्या मुलाजवळ जाऊन बसला.

"बरं झालं सांगितलंस. उपासाचं वेगळं असतं इथे. दूध आहे, केळी आहेत, दाण्याचा लाडू आहे, रताळी आहेत. आधी हे सगळं खायचं. उपास असू दे, नसू दे, या पंगतीतून रिकाम्या पोटी उठायचं नाही."

मुलगा मान खाली घालून दूध प्यायला. पण त्याची नजर शेजारच्या भातावर होती. हे दौलतनं पाहिलं, मी पाहिलं, आणि पलीकडे भिंतीशी बसलेल्या विमलाबाईंनीही पाहिलं.

"बाळ," त्या तिथूनच म्हणाल्या, "तुझा सोमवार कडक की साधा?"

मुलगा गोंधळला. "साधा... असावा."

"साधा असेल तर दिवस मावळला की सोडायचा असतो. तो बघ, मावळला. दौलत, भाताचं भांडं इकडे दे."

त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून, आणि दिवसभराच्या उपाशी बाईनं त्या मुलाच्या पानात भात वाढला, वर आमटी, वर तूप. मुलानं एकदा दौलतकडे पाहिलं आणि जेवायला लागला.

"बघ गं मास्तरीणबाय," आवडाबाई मला म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "आमचे दौलतचा उपास सोडवाला दोन वर्सं गेली. याचा तर बसल्या पाटावर सुटला!"

पंगत हसली, आणि सगळ्यांत मोठ्यानं दौलत. हसता हसता तो आपल्या जागेवर गेला आणि मग त्यानं पहिला घास घेतला.

दार वाजलं. आनंद आला. चपला काढतानाच म्हणतो आहे, "आई, बाहेर खाल्लं."

मी ताटावरचं झाकण काढते. स्टोव्ह पेटवते.